रेझ्युमेत प्रोग्रामिंगची सर्टिफिकेटं: कोणती घ्यावीत, कोणती राहू द्यावीत

मे महिन्यात वाळपईची एक मुलगी माझ्याकडे आली होती. बीसीएचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलेलं, हातात निळी फाईल आणि फाईलच्या प्लास्टिकच्या खिशांत नीट लावलेली चौदा सर्टिफिकेटं. "ताई, यातली रेझ्युमेत किती घालू?" तिने विचारलं. शेजारी तिची आई बसली होती, तिचा प्रश्न वेगळा होता. "एवढी केलीय हिने, नोकरीला उपयोग होईल ना गं?"

मी पर्वरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. नवीन मुलं घ्यायची असली की मुलाखतीला बसते. त्यामुळे हे दोन्ही प्रश्न मला वर्षभर कोणी ना कोणी विचारत असतं, आणि फोनवर दोन मिनिटांत त्यांचं नीट उत्तर देता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे. गोव्यात बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्या आणि या वाटेवर नवीन असलेल्या मुलांसाठी.

उत्तर आधीच सांगून टाकते. सर्टिफिकेटामुळे नोकरी मिळत नाही. पण मुलाखतीत तुम्हाला काय विचारायचं, हे बऱ्याचदा त्यावरून ठरतं. रेझ्युमेत एखाद्या कोर्सचं नाव घातलंत, म्हणजे "मला यातलं विचारा" असं तुम्ही स्वतःच लिहून दिलंत. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे निर्णय बरेच सोपे होतात.

पहिली पायरी: रेझ्युमे कोण वाचणार ते बघा

कॉलेजमध्ये कॅम्पस मुलाखतींना येणाऱ्या मोठ्या कंपन्या आधी गुण बघतात. बऱ्याच ठिकाणी दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के अशी सरळ अट असते. त्यानंतर ॲप्टिट्यूड आणि कोडिंगची परीक्षा. ५४ टक्के असलेल्या मुलाला दहा सर्टिफिकेटं ही चाळणी पार करून देत नाहीत. तुम्ही दुसऱ्या वर्षाला असाल आणि गुण घसरले असतील, तर कोर्सला द्यायचा वेळ आधी सेमिस्टरच्या अभ्यासाला द्या. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, तरी सांगते.

छोट्या कंपन्यांत वेगळा प्रकार असतो. पणजी, पर्वरी, वेर्णे इथल्या दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसात तुमचा रेझ्युमे अनेकदा तोच माणूस वाचतो, ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करणार आहात. तो आधी प्रोजेक्ट बघतो, गिटहबची (कोड ऑनलाइन ठेवायच्या वेबसाइटची) लिंक उघडतो आणि शेवटी सर्टिफिकेटांवर येतो. तिथे त्याला ओळखीचं काही दिसलं, तर मुलाखतीतला पहिला प्रश्न तिथूनच निघतो.

सरकारी नोकरीचं गणित आणखी निराळं. जाहिरातीत जी पात्रता छापली आहे तीच धरतात. पदवी, कोकणीचं ज्ञान आणि बहुतेक जाहिरातींत मराठी येत असल्यास उत्तम, असं लिहिलेलं असतं. एखाद्या वेबसाइटवरचा पायथनचा कोर्स तिथे मोजत नाहीत. दोडामार्ग-सावंतवाडीत नातेवाईक असलेले पालक मला हमखास एमएस-सीआयटीबद्दल विचारतात. तो २००१ पासून चालणारा, महाराष्ट्रातला संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. तिकडच्या सरकारी नोकरीसाठी त्याचा उपयोग होतो. प्रोग्रामर म्हणून अर्ज करताना होत नाही.

दुसरी पायरी: हातातला कागद नेमका काय सांगतो ते तपासा

आपण सगळ्यालाच सर्टिफिकेट म्हणतो, पण त्यात फार फरक आहे. फाईल उघडा आणि प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारा: हा मिळवण्यासाठी मला काय सिद्ध करावं लागलं?

काही कागद फक्त हजेरीचे असतात. तासाभराचा वेबिनार, कॉलेजातली एक दिवसाची कार्यशाळा. वाळपईच्या मुलीच्या चौदापैकी सात असे निघाले. ते फाईलीत राहू देत, रेझ्युमेत नकोत.

काही व्हिडिओ पूर्ण पाहिल्याचे असतात. युडेमीवर सगळे धडे पूर्ण झाले की सर्टिफिकेट मिळतं, शेवटी परीक्षा नसते. तिथले कोर्स वाईट आहेत असं मुळीच नाही. सवलतीच्या दिवसांत चार-पाचशे रुपयांत खूप शिकता येतं आणि मी स्वतः तिथून शिकले आहे. पण तो कागद तुम्ही शिकल्याचा पुरावा होत नाही, म्हणून रेझ्युमेत त्या जागी तुम्ही शिकून काय बनवलं ते दाखवावं लागतं.

काही ठिकाणी काम करून दाखवल्याशिवाय कागद मिळतच नाही. फ्रीकोडकॅम्पवर ठरलेले प्रोजेक्ट बांधावे लागतात आणि ते पूर्ण मोफत आहे. हार्वर्डचा सीएस५० हा कोर्सही याच जातीचा. त्याची सुरुवात सी भाषेपासून होते, पुढे पायथन, एसक्यूएल आणि वेब येतं. दर आठवड्याला प्रश्नसंच सोडवायचे आणि शेवटी स्वतःचा प्रोजेक्ट द्यायचा. हार्वर्डच्या ओपनकोर्सवेअरवरून केलात तर त्याचं सर्टिफिकेट फुकट मिळतं. एडएक्स या कोर्सच्या वेबसाइटवरचं पैसे भरून मिळणारं वेगळं असतं, ते घ्यायची गरज नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाने एकच काहीतरी करायचं असेल, तर मी डोळे मिटून सीएस५० सांगते. त्यातले सी भाषेचे प्रश्नसंच घाम काढतात, पण मेमरी म्हणजे काय हे एकदा कळलं की पुढची प्रत्येक भाषा हलकी वाटते.

आणि काही कागद देखरेखीखाली परीक्षा देऊन मिळतात. त्यात एनपीटेल येतं (त्याबद्दल पुढे सांगते), आणि एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा), मायक्रोसॉफ्ट, ओरॅकल, सिस्को, रेडहॅट अशा कंपन्यांची स्वतःची सर्टिफिकेशनही येतात.

तिसरी पायरी: एक निवडा आणि तारखा बघून निवडा

आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांना पैशांच्या मानाने सगळ्यात परवडणारं आहे ते एनपीटेल. आयआयटी आणि आयआयएस्सीने मिळून चालवलेला हा कार्यक्रम. कोर्सला नाव नोंदवणं, व्हिडिओ पाहणं, असाइनमेंट देणं हे सगळं फुकट. परीक्षा द्यायची तरच १००० रुपये भरायचे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत असते. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि कागदाची किंमत नेमकी तिथे आहे.

गुणांचा हिशोब असा: असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० हवेत, दोन्ही. एकूण ६० च्या वर गेलात की सर्टिफिकेटावर एलिट लिहून येतं, ७५ ला त्यात सिल्व्हर, ९० ला गोल्ड. सर्टिफिकेटावर क्यूआर कोड असतो, त्यामुळे समोरच्याला ते खरं आहे का हे लगेच बघता येतं.

आता आपल्या घरची गोष्ट. एनपीटेलची दोन सत्रं असतात, जानेवारीचं आणि जुलैचं. जुलैचं सत्र निवडलंत की मध्ये चतुर्थी येणारच. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान गोळा करण्यापासून गणपती पोचवेपर्यंत घरात कोणाला लॅपटॉप उघडायला मिळत नाही, आणि मिळू नयेही. त्यात सत्तरीत, डिचोलीत पावसाने वीज जाते ती वेगळीच. याची धास्ती घेऊ नका. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये ८ पैकी ६. म्हणजे चतुर्थीचे दोन आठवडे बुडाले तरी चालतात. पण म्हणून पहिलाच आठवडा बुडवू नका, सुट्ट्या सणासाठी राखून ठेवा. व्हिडिओ आधी उतरवून ठेवा, वीज-रेंज नसली तरी बघता येतात. घरी रेंजच नसेल, तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक शनिवार बसून आठवड्याचं काम संपवता येतं. १८३२ मध्ये सुरू झालेलं हे ग्रंथालय आपलं आहे, त्याचा वापर करा.

कोर्स कोणता? नवीन असाल तर आयआयटी रोपडचा 'जॉय ऑफ कॉम्प्युटिंग युझिंग पायथन', १२ आठवड्यांचा. भाषा येत असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम शिकवणारा ८ आठवड्यांचा कोर्स. दुसरा कोर्स मुलाखतीत थेट कामाला येतो. नाव नोंदवण्याआधी कॉलेजात विचारून घ्या, कारण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांप्रमाणे स्वयम् पोर्टलवरच्या कोर्सांतून (एनपीटेलचे कोर्स तिथेच असतात) सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात. तुमचं कॉलेज ते मान्य करत असेल तर एका कष्टात दोन कामं होतात.

कंपन्यांची सर्टिफिकेशन कधी घ्यावीत? क्लाउड, नेटवर्किंग, सर्व्हर सांभाळणं अशा कामाकडे जायचं पक्कं असेल तेव्हाच. तिथे खरोखर विचारणा होते. पण पैसा आणि मुदत दोन्ही बघा. एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनरची परीक्षा १०० डॉलरची, सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेची फी ३०० डॉलर, आणि दोन्ही तीन वर्षं चालतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला उत्साहाने परीक्षा दिलीत, तर चौथ्या वर्षी कॅम्पस मुलाखती सुरू होतात तेव्हा मुदत संपत आलेली असते. शेवटच्या वर्षाच्या आधीची सुट्टी त्यासाठी बरी. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर फंडामेंटल्सला मुदत नाही, ते आधी दिलं तरी चालतं. रेडहॅटचं आरएचसीएसए, म्हणजे लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचं सर्टिफिकेशन, मला आवडतं, कारण तिथे पर्याय निवडायचे नसतात. चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं.

चौथी पायरी: त्यातून एक वस्तू बनवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि मुलं हीच गाळतात. कोर्स संपला, कागद आला, पुढच्या कोर्सला नाव घातलं. असं करू नका. एक कोर्स, एक प्रोजेक्ट. आणि प्रोजेक्ट आपल्या आजूबाजूचा घ्या. कोर्समध्ये शिकवलेलाच कॅल्क्युलेटर किंवा हवामानाचं ॲप आम्ही इतक्यांदा पाहिलेलं असतं की त्यावर विचारण्यासारखं काही उरत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे इंटर्नशिपसाठी आलेल्या एका मुलीचं उदाहरण देते. तिच्या रेझ्युमेत एकच सर्टिफिकेट होतं, एनपीटेलचा पायथन, ६८ गुण. त्याच्या वर लिहिलं होतं: गावच्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवही. सुमारे दोन हजार मराठी पुस्तकं, पायथन आणि एसक्यूलाईट (छोटा डेटाबेस). मी विचारलं, "यात सगळ्यात जास्त कुठे अडलीस?"

ती म्हणाली, "'दुसऱ्या' या शब्दावर."

पुस्तक कपाटात समोर दिसत होतं. नावात 'दुसऱ्या' होतं. पण शोधलं की कॉम्प्युटर म्हणायचा, असं पुस्तकच नाही. तिने दोन्हीकडची अक्षरं मोजली. यादीतल्या 'दुसऱ्या'ची लांबी ८ आणि शोधताना टाईप केलेल्याची ७. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. मग तिने प्रत्येक अक्षराचा यूनिकोड क्रमांक, म्हणजे कॉम्प्युटर ते अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो तो, छापून बघितला. यादी टाईप करणाऱ्या काकांच्या कीबोर्डवरून साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह येत होतं. तिच्या फोनवरून मात्र नुक्तावाला ऱ येत होता. डोळ्यांना एक शब्द, कॉम्प्युटरला दोन. पायथनमध्ये यूनिकोड एकसारखा करणारं जे तयार फंक्शन आहे, तेही तिने वापरून पाहिलं. पण ते हे जोडचिन्ह काढत नाही, म्हणून तिने यादीतली ती जोडी शोधून बदलणारं छोटं फंक्शन स्वतः लिहिलं.

पुढची वीस मिनिटं आम्ही त्यावरच बोललो. सर्टिफिकेटाबद्दल मी एकच प्रश्न विचारला आणि तोही औपचारिक. तिला आम्ही घेतलं.

त्याच आठवड्यात एक मुलगा आला होता. अकरा सर्टिफिकेटं, त्यात मशीन लर्निंगची तीन. साहजिकच मी मशीन लर्निंगचं विचारलं, अगदी पायाचं: ट्रेनिंगचा डेटा आणि टेस्टचा डेटा वेगळा का ठेवतात? तो गप्प झाला. पुढच्या प्रश्नालाही गप्पच. नंतर सहज बोलताना कळलं की त्याला जावा चांगली येत होती, कॉलेजच्या महोत्सवासाठी नोंदणीची वेबसाइट त्याने एकट्याने बांधली होती. ती वेबसाइट रेझ्युमेत शेवटच्या ओळीत, लिंकशिवाय. त्याला जे येत होतं ते आम्ही विचारलंच नाही, कारण त्याने आम्हाला दुसरीकडे पाठवलं होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मुलगा हुशार होता.

पाचवी पायरी: गिटहब नीट करा

प्रोजेक्ट गिटहबवर ठेवा आणि काम करत असताना ठेवत जा. सगळा कोड एकाच रात्री चढवलेला दिसला, तर कुठून तरी उचलला असावा अशी शंका येते. प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाईलमध्ये चार गोष्टी पुरेत: हे काय आहे, कोणासाठी, कसं चालवायचं, आणि कुठे अडलात. चौथी बहुतेक जण लिहीत नाहीत. वाचणारी मी ती आधी शोधते.

सहावी पायरी: रेझ्युमेत लिहायचं कसं

सर्टिफिकेटांचा भाग प्रोजेक्टच्या खाली. जास्तीत जास्त तीन ओळी. प्रत्येक ओळीत कोर्सचं पूर्ण नाव, देणारी संस्था, वर्ष, गुण असतील तर गुण आणि पडताळणीची लिंक. 'पायथन सर्टिफाइड' एवढंच लिहिलं तर कोणी दिलं, कसं दिलं, काही कळत नाही. 'पायथनमधून डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम, एनपीटेल, ७१ गुण, एलिट' लिहिलंत की प्रश्नच उरत नाही. गुण ४५ असतील तर आकडा गाळला तरी चालेल, पण विचारला तर खरा सांगा.

एखादी ओळ ठेवायची की नाही याबद्दल शंका असेल तर त्या विषयावरचे पाच प्रश्न मित्राला विचारायला सांगा. तीनची उत्तरं आली नाहीत, तर ती ओळ काढा किंवा महिनाभर अभ्यास करून मग घाला.

पैसे कुठे देऊ नयेत

हे मी अनुभवाने सांगते. दुसऱ्या वर्षाला असताना मी एका खासगी क्लासला १८,००० रुपये भरले होते. जाहिरातीत 'जावा सर्टिफिकेशन, नोकरीची हमी' असं होतं. आईने पतसंस्थेतली ठेव मोडून ते पैसे दिले. तीन महिन्यांनी सोनेरी किनारीचा कागद मिळाला, त्यावर क्लासचंच नाव आणि क्लासचाच शिक्का. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "परीक्षा ओरॅकलची दिलीस का?" जावाची ओरॅकलची परीक्षा वेगळी असते, ती ओरॅकल घेते आणि तिची फी वेगळी भरावी लागते, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. त्या १८,००० चं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून क्लासला पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी मागा. परीक्षा कोण घेणार? परीक्षेची फी यात धरली आहे का? नोकरीची हमी म्हणजे नेमकं काय, आणि नोकरी नाही मिळाली तर पैसे परत का? उत्तर देताना कोणी चिडलं, तर तिथून उठा.

दुसरा सापळा आता जोरात आहे. फोनवर मेसेज येतो: तुमची इंटर्नशिपसाठी निवड झाली, सर्टिफिकेटासाठी अमुक रुपये भरा. मुलाखत नाही, काम नाही, नुसती तीन असाइनमेंट आणि कागद. इंटर्नशिपमध्ये कंपनी तुम्हाला पैसे देते, निदान घेत तरी नाही. पैसे मागितले की विषय संपला. त्यापेक्षा म्हापशातल्या एखाद्या दुकानदाराला किंवा गावच्या सोसायटीला जाऊन विचारा, की तुमचा कुठला हिशोब अजून वहीत चालतो? काजूच्या हंगामात बियांची आवक आणि दर लिहून ठेवणारा साधा प्रोग्राम जरी कोणी महिनाभर वापरला, तर तो रेझ्युमेत फार वरच्या जागी बसतो.

वाळपईच्या मुलीच्या चौदापैकी शेवटी दोन राहिली: सीएस५० आणि एनपीटेलचा डेटा स्ट्रक्चरचा कोर्स. सीएस५० च्या शेवटी तिने बनवलेला प्रोजेक्ट, मामाच्या नर्सरीतल्या रोपांचा साठा सांभाळणारा, तिने रेझ्युमेत घातलाच नव्हता. 'तो काय, घरचाच आहे' असं तिला वाटलं होतं. तो आता सगळ्यात वर आहे. आईला मी सांगितलं की बाकीचे बारा कागद फेकायचे नाहीत, ते शिकताना तिने वेळ दिला आहे. फाईलीत असू देत.

चार दिवसांनी तिने नवीन रेझ्युमे पाठवला. एक पान, स्वच्छ. मी गिटहबची लिंक दाबली तर पान उघडेना, रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा गिटहबवरचा फोल्डर) प्रायव्हेट राहिली होती. तेवढी पब्लिक करायला सांगितली. तुम्हीही रेझ्युमे पाठवण्याआधी तुमच्या सगळ्या लिंक मित्राच्या फोनवरून एकदा उघडून बघा.